अर्धा किलो हरभराडाळ

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहून पाठवा, असं शाळेचं पत्र आलं तेव्हा मी घणसोलीच्या स्टुडिओत होते. पत्र तिथेच उभ्याने वाचलं आणि त्या दिवशी पुढचं रेकॉर्डिंग काही जमेना. मैदान, प्रार्थना, स्नेहसंमेलन, गोखले रोडवरची पावसाळी धावपळ, या सगळ्यावर इतर जण लिहितीलच. मला फक्त मराठीच्या बाईंबद्दल लिहायचं आहे. नाव लिहीत नाही. आपल्याकडे 'मराठीच्या बाई' म्हटलं की एकच चेहरा समोर येतो.

१९९३ सालची गोष्ट. दहावीला बरे गुण असूनही मी अकरावीला कला शाखा घेतली, म्हणून चाळीत हळहळ झाली होती. मराठी हा विषय सगळ्यांनाच होता, पण 'मराठी साहित्य' हा वेगळा ऐच्छिक विषय घेणारे आम्ही चौदा जण. ग्रंथालयामागची ती लांबोडकी खोली आमच्या वाट्याला आली होती. पहिलं सत्र सुरू झालं त्या दिवशी एवढा पाऊस होता, की खिडकीजवळचे बाक ओढून आम्ही सगळे एका भिंतीला आलो होतो.

नवीन पुस्तकं आणली होती, कव्हरं घातली होती. बाईंनी ती उघडूच दिली नाहीत. म्हणाल्या, "सोमवारी प्रत्येकाने घरून एक ओवी आणायची. आई, आजी, मावशी, शेजारच्या काकू, कुणाचीही चालेल. मात्र छापलेली नको."

मी आजीला विचारलंच नाही. हे आज लिहितानाही लाज वाटते. माझी आजी जुन्नरकडची, शाळेची पायरी न चढलेली. तिच्याकडे साहित्य कसलं असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. शनिवारी मी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात गेले. १८९३ साली स्थापन झालेल्या त्या ग्रंथालयाचं ते शतकाचं वर्ष होतं. एवढ्या पुस्तकांत एक ओवी सापडणार नाही का? सापडली. सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली आणि सोमवारी उभी राहून म्हटली.

बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग अगदी हळू विचारलं, "ही तुझ्या आजीची?" मी मान डोलावली. त्या काही बोलल्या नाहीत. तास संपल्यावर मला थांबवून म्हणाल्या, "शाळा सुटली की मी तुझ्याबरोबर येते. मला आजींना भेटायचंय."

तलावपाळीवरून चरईपर्यंत त्या माझ्याबरोबर एका छत्रीतून चालत आल्या. वाटेत रागाचा एक शब्द नाही. मी मात्र रडायच्या बेतात होते आणि जांभळी नाक्याच्या अलीकडेच सगळं खरं सांगून टाकलं. "बरं झालं सांगितलंस," एवढंच म्हणाल्या आणि छत्री माझ्या बाजूला आणखी कलती केली.

आजीने त्यांना पाट दिला, चहा ठेवला. ओवीचं निघालं तशी ती हसली. "बाई, जात्याबिगर ओवी कशी येनार? ती तोंडात नसती, हातात असती." बाईंनी मागे वळून मला विचारलं, जातं कुठे मिळेल? जातं आमच्याच जिन्याखाली होतं, वर तुळशीची कुंडी ठेवलेली. शेजारच्या दादांनी कुंडी उतरवून ते आत आणून दिलं. आजीने पदराने पुसलं, खुंटा ठोकून बसवला आणि थांबली. रिकामं जातं फिरवू नये, म्हणाली. बाईंनी पर्समधून पैसे काढून मला वाण्याकडे पिटाळलं. मी अर्धा किलो हरभराडाळ घेऊन आले.

आजीने वैरण, म्हणजे मूठभर डाळ, जात्याच्या तोंडात घातली, खुंटा धरला. दोन-तीन फेरे नुसतेच गेले. मग आवाज लागला. हा आवाज मी सोळा वर्षांत ऐकला नव्हता. आमचं दळण गिरणीतून यायचं, आजीच्या गळ्यात काय आहे हे कळणार कुठून? ती म्हणत होती:

ठाण्याच्या गं खाडीवरी वारा सुटला पहाटं
माझ्या बंधूच्या गाडीची किती पाहू गं मी वाट

बाईंची पेन्सिल थांबली. "आजी, ही गावाकडची नाही."

"गावची कशी असंल? हितं आल्यावर सुचली. पयलं साल होतं. भाऊ न्यायला येनार हुता, आला न्हाई."

एवढं बोलून तिने पुढची वैरण घातली आणि पुढची ओवी सुरू केली. दिवेलागणीपर्यंत बाई लिहीत होत्या. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. आमच्याच दहा बाय बाराच्या खोलीत, आमच्याच ठाण्याच्या खाडीवर कुणीतरी कविता रचली होती, आणि मी ओवी शोधायला ग्रंथालयात गेले होते.

दळलेलं बेसन आजीने डब्यात भरून बाईंना दिलं. दुसऱ्या दिवशी बाई त्याच बेसनाचं पिठलं आणि भाकरी घेऊन वर्गात आल्या. चौदा जणांनी दोन-दोन घास खाल्ले आणि त्यानंतर ज्ञानेश्वरीचा तास सुरू झाला. शके १२१२, म्हणजे १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी जी ओवी वापरली ती साडेतीन चरणांची: पहिली तीन यमकाने बांधलेली, चौथं आखूड आणि मोकळं. पण बायकांची ओवी त्याहून जुनी. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथातच नोंद आहे, की महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात. बाई म्हणाल्या, "ते आखूड चरण मला वैरण घालायला घेतलेल्या उसंतीसारखं वाटतं. हे माझं मत आहे. परीक्षेत लिहू नका, पण वाचताना तिथे थांबा."

मी आजही तिथे थांबते. गेली अठरा वर्षं पुस्तकं आवाजात वाचून ध्वनिमुद्रित करणं हेच माझं काम आहे. दृष्टिहीन श्रोत्यांसाठी वाचते, प्रवासात ऐकणाऱ्यांसाठी वाचते. माझ्या वाचनाला गेल्या वर्षी पुरस्कार मिळाला, तेव्हा 'विराम कुठे घ्यायचा हे कुठे शिकलात?' असं एकाने विचारलं. मी चरईतल्या जात्याचं सांगितलं.

२०१० च्या डिसेंबरात ठाण्यात साहित्य संमेलन भरलं. मांडवातल्या गर्दीत बाईंचा हात धरून मी चालत होते. आजी जाऊन तोवर सात वर्षं झाली होती. बाई मध्येच थांबून म्हणाल्या, "आज तुझी आजी इथे हवी होती. व्यासपीठावर."

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, त्या रात्री मी बाईंना फोन केला. आवाज थकलेला, पण आनंद लपत नव्हता. मग म्हणाल्या, "आपला साहित्याचा वर्ग चालू आहे का गं?" मला उत्तर द्यावं लागलं. पुरेशी मुलं येत नाहीत म्हणून तो विषय आपल्याकडे बंद होऊन काही वर्षं झाली आहेत. ग्रंथालयामागच्या खोलीत आता संगणक आहेत. संगणक हवेतच, त्याबद्दल तक्रार नाही. पण चौदा मुलं हा आकडा कमी कसा ठरतो, हे मला अजून उमगलेलं नाही. आम्हीही चौदाच होतो. संचालक मंडळात आज आपलेच माजी विद्यार्थी आहेत, म्हणून हे इथे मनापासून लिहिते: तो वर्ग पुन्हा सुरू करा. पहिल्या सत्रात आठवड्यातून एक तास विनामूल्य शिकवायला मी येईन.

बाईंनी त्या संध्याकाळी आणि नंतरच्या चार-पाच भेटींत उतरवलेल्या आजीच्या ओव्यांची वही बारावीच्या निरोपाला त्यांनी मला दिली होती. एकतीस ओव्या आहेत. महोत्सवानिमित्त ती वही मी शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. मागच्या पानावर बाईंच्या अक्षरात त्या दिवशीच्या डाळीचा हिशोब आहे. तो तसाच ठेवला आहे.