भुरीची वेणीफणी

“ताई, वरून हात फिरवू नका. बोटं आत घाला, पार कातडीपर्यंत.”

ग्रूमरने, म्हणजे कुत्र्यांचे केस विंचरून-कापून देणाऱ्याने, भुरीचा पुढचा पाय हलकेच उचलून धरला होता. मी तिच्या काखेत बोटं घातली आणि ती अर्ध्यातच अडली. वर नेहमीसारखे मऊ, फुगीर कुरळे केस, आणि त्याखाली एक सलग, घट्ट थर. घोड्याच्या खोगिराखाली घालतात तसला नमदा. तो ओढला की तिची कातडीही बरोबर ओढली जात होती, आणि प्रत्येक पाऊल टाकताना तिला ती ओढ बसत असणार.

“पण मी रोज विंचरते हो तिला,” मी म्हटलं. ते खरंच होतं. रोज सकाळी दहा मिनिटं, न चुकता. त्याने काहीच उत्तर न देता एक स्टीलची फणी माझ्या हातात दिली. फणी केसांत जेमतेम नखभर शिरली आणि थांबली. मग त्याने सांगितलं की सगळे केस मुळापासून काढावे लागतील. गुंता सोडवायचा तर चार-पाच तास ओढाओढ होईल आणि तेवढं तिने सोसू नये. त्या क्षणी मला फार वाईट वाटलं, पण त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

भुरी मिनिएचर पूडल, लहान चणीच्या कुरळ्या जातीची कुत्री. तेव्हा अकरा महिन्यांची होती.

केस निघाले ते झुपक्या-झुपक्यांनी निघालेच नाहीत. मेंढीची लोकर उतरावी तशी पाठीवरून एक अख्खी चादर सुटून आली. खालची कातडी काखेत आणि जांघेत लालभडक, दमट. तिथे वारा लागून किती आठवडे झाले असतील कोण जाणे. कानांवरची जट काढल्यावर ग्रूमरने बजावलं, की आता ती डोकं जोरजोरात झटकेल. कानाची पाळी मऊ, फुगलेली लागली तर लगेच डॉक्टरांकडे न्या, आत रक्त साकळतं. दोन दिवस मी तासातासाला तिचे कान चाचपत होते. सुदैवाने काही झालं नाही.

त्याआधी पंधराच दिवसांपूर्वीची गोष्ट सांगायला हवी, कारण अशी चूक अनेक घरांत होते. कानामागे बोराएवढी गाठ लागली होती. मी लहान कात्री घेतली, गाठ चिमटीत धरून वर ओढली आणि खालून कापली. भुरी एवढ्या जोरात किंचाळली की कात्री हातातून पडली. गाठ वर ओढली की कातडीही तंबूसारखी वर येते, आणि केसांच्या गर्दीत केस कुठे संपले आणि कातडी कुठे सुरू झाली ते दिसतच नाही. दोन टाके पडले. कुत्र्याची वरची त्वचा पेशींच्या अवघ्या ३ ते ५ थरांची असते, आपल्यापेक्षा खूपच पातळ. डॉक्टर रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, “अहो, जटेला कात्री लावायचीच नाही. केस कापायची मशीन लावा, नाहीतर आमच्याकडे आणा.” तेव्हापासून ती कात्री मी पंजाभोवतीची कड गोल करण्यापुरती वापरते, तीसुद्धा बोथट टोकाची.

केस काढून झाल्यावर मी हा विषय नीट समजून घ्यायला बसले. रोज विंचरूनही असं का झालं, हे मला काही केल्या सुटत नव्हतं.

कुरळ्या केसांच्या कुत्र्यांचे केस गळत नाहीत, असं सगळेच सांगतात. प्रत्येक केसाचं आयुष्य संपतं आणि तो सुटतो, इथेही सुटतोच. सरळ केसांच्या कुत्र्याचा सुटलेला केस सोफ्यावर पडतो, आपल्याला दिसतो, आपण वैतागतो. कुरळा केस मात्र शेजारच्या केसांच्या वळ्यांत अडकून तिथेच राहतो. त्यात दुसरा येऊन अडकतो, मग तिसरा, आणि चालताना, लोळताना, गळपट्टा घासताना ते एकमेकांत दाबले जातात. लोकरीचा नमदा करतात तोही अशाच घासण्या-दाबण्यातून. २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात दिसलं, की कुत्र्यांच्या बऱ्याच जातींमधली केसांची विविधता मुख्यतः तीन जनुकांवरून उलगडते. लांबी एफजीएफ५, मिशा-भुवयांचे झुपके आरएसपीओ२ आणि कुरळेपणा केआरटी७१. पूडलच्या वाट्याला लांबी आणि कुरळेपणा दोन्ही आलेले आहेत, म्हणजे गुंत्याची तयारी जन्मतःच.

त्यात भुरीचं वय आडवं आलं. साधारण सहा महिने ते दीड वर्ष या काळात पिल्लाचे मऊ, विरळ केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे दाट केस येतात. जुने सुटत असतात, नवे उगवत असतात आणि दोन्ही एकमेकांत गुंततात. या काळात आदल्या दिवशी मोकळी असलेली काख दुसऱ्या दिवशी गाठाळलेली सापडते. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, म्हणून मी आता पूडल, बिशों फ्रीझ किंवा डूडल (पूडलचा संकर) आणणाऱ्या प्रत्येकाला न विचारता सांगते.

आता ब्रशांबद्दल. माझ्याकडे तीन होते आणि तिन्ही या केसांसाठी चुकीचे. पहिला गोल टोकांच्या पिनांचा, माणसांच्या हेअरब्रशसारखा. तो वरचे केस छान फुलवतो आणि मुळाशी पोचतच नाही. माझी रोजची दहा मिनिटं त्यानेच फुकट घालवली. दुसरा मऊ केसांचा, तो आखूड, गुळगुळीत अंगाच्या कुत्र्यांसाठी ठीक. तिसरा पात्याचा, गळणारे केस ओढून काढणारा. कुरळ्या केसांत तो घालूच नये. तो चांगले केसही तोडतो, आणि तुटकी टोकं पुन्हा गुंततात.

लागतात ती हत्यारं खरं तर दोनच. एक स्लिकर ब्रश, म्हणजे बारीक, किंचित वाकलेल्या तारांचा चौकोनी ब्रश, आणि दुसरी स्टीलची फणी, अर्धी विरळ दातांची नि अर्धी दाट दातांची. स्लिकर घेताना तारांची लांबी बघा. केस दोन इंच आणि तारा अर्धा इंच असतील तर पुन्हा तीच गत, वरवरचं विंचरणं. तारांखालची गादी दाबल्यावर आत जायला हवी. मी स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूवर, मनगटाच्या वर, तो ब्रश फिरवून बघते. मला ओरखडा उठला तर तिलाही उठणार. माझा पहिला स्लिकर असाच परत केला. तारा इतक्या कडक होत्या की चार फेऱ्यांत माझ्या हातावर लाल रेघा आल्या.

ब्रश धरायचा तोही मुठीत नाही. मुठीत धरला की नकळत जोर लागतो. पेन धरतो तसा बोटांत धरायचा आणि मनगटातून हलके थापटल्यासारखं चालवायचं. एकाच जागी पुन्हा पुन्हा घासलं तर कातडी भाजल्यासारखी लाल होते.

आणि विंचरायचं भांग पाडून. या एका गोष्टीने आमचं सगळं बदललं. भुरीला कुशीवर झोपवते. डाव्या हाताच्या तळव्याने केस वर दाबून धरते, म्हणजे खाली कातडीची एक गुलाबी रेघ दिसते. त्या रेघेखालचे तेवढेच केस स्लिकरने खाली ओढून घेते. मग हात बोटभर वर सरकवायचा, नवा भांग, नवी रेघ. पायाच्या खालच्या टोकापासून सुरुवात करून वर पाठीपर्यंत. रेघ दिसत नसेल तर तिथे गुंता आहे, हे न विंचरताच कळतं. केस अगदी कोरडेठाक असले तर तुटतात, म्हणून आधी गुंता सोडवायचा स्प्रे अगदी थोडा मारते. प्रत्येक भाग झाला की फणी फिरवायची, आधी विरळ बाजू, मग दाट. फणी मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेली तरच तो भाग झाला म्हणायचं. ब्रशने केस फुलतात म्हणून डोळे फसतात, फणी फसत नाही.

गाठ सापडली तर तिच्यामागे, कातडीच्या बाजूला, दोन बोटांनी केस घट्ट धरायचे, म्हणजे ओढ बोटांना बसते, तिला नाही. मग बोटांनीच गाठ आडवी फाकवायची, दोन तुकडे, चार तुकडे. त्यानंतर फणीच्या शेवटच्या एक-दोन दातांनी टोकाकडून सुरुवात करून थोडं थोडं मुळाकडे यायचं. शेंगदाण्याएवढी गाठ मला पाच-सहा मिनिटं घेते. सुटेल असं वाटलं नाही तर हट्ट करत नाही, तेवढी मशीनने काढते. एक छोटी खळी दिसते, महिन्याभरात भरून येते.

गाठी कुठे होतात ते आता बोटांना पाठ आहे: कानामागे, काखेत, जांघेत, शेपटीच्या बुडाशी, बोटांच्या मध्ये आणि गळपट्टा-हार्नेस घासतो तिथे. घरात मी हार्नेस काढूनच ठेवते.

अंघोळीबाबत मी अगदी उलटं करत होते. गुंता झालाय, धुतल्यावर सुटेल, असं वाटायचं. पाणी लागून वाळल्यावर गाठ आवळते, अगदी सुंभासारखी. त्यामुळे आधी पूर्ण विंचरणं, फणी फिरवून खात्री, मगच पाणी. कुत्र्यांचाच शाम्पू, कारण त्यांच्या कातडीचा सामू आपल्यासारखा आम्लाकडे झुकलेला नसतो. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, दाबून पाणी टिपायचं. आणि आपोआप वाळू द्यायचं नाही. ड्रायरची कोमट हवा एका जागी सोडत, त्याच जागी स्लिकर चालवत केस सरळ करत वाळवायचे. कातडीपर्यंत वाळायला भुरीला पाऊण तास लागतो. कंटाळवाणं आहे, पण असं वाळवल्यावर पुढचा आठवडाभर विंचरणं निम्म्या वेळात होतं.

हे सगळं पूडलसारख्या केसांचं. कर्ली कोटेड रिट्रीव्हरचे घट्ट, आखूड वळे कोरडे असताना विंचरले तर पिंजारतात. त्याला ओलं करून बोटांनी गोल गोल मालिश करतात. पुली आणि कोमोंडोर या जातींच्या जटा तर राखायच्याच असतात, हातांनी सुट्या करत. आपल्या कुत्र्याची जात बघून मगच ब्रश घ्या.

केस कापण्याची मशीन मी चार महिन्यांनी घेतली. पात्याचा नंबर जितका मोठा तितके केस आखूड, हे आधी डोक्यात पक्कं करायला हवं. १० नंबरने सुमारे १.५ मिलिमीटर उरतात, ते पोट आणि गुदाभोवतीच्या भागासाठी. ७ एफने ३.२, आणि ४ एफने ९.५ मिलिमीटर. अंगावर मी ४ एफच वापरते. पातं न विंचरलेल्या केसांतून जात नाही, त्यामुळे इथेही आधी फणी. दर काही मिनिटांनी पातं मनगटावर टेकवून बघते. ते तापतं, आणि तापलेलं पातं काखेच्या पातळ कातडीला भाजतं.

भुरीची भीती घालवायला या सगळ्यापेक्षा जास्त दिवस लागले. टाके पडल्यानंतर ती कानाला हात लावू देईना. सुरुवातीचे दहा-बारा दिवस मी ब्रश नुसता जमिनीवर ठेवला, तिने हुंगला की खाऊ. मग ब्रशची पाठ अंगाला, खाऊ. मग तारांची एक फेरी, खाऊ आणि तिथेच थांबायचं, तिने थांबवायच्या आत. एका बैठकीत अख्खा कुत्रा विंचरायचा नाद सोडला. आज डावी बाजू, उद्या उजवी, परवा पाय आणि शेपटी. केस उगवत होते तसतसा तिचा धीरही वाढत गेला, त्यामुळे सगळे केस निघाले याचं आता मला दुःख नाही.

आज ती दोन वर्षांची आहे. कुशीवर पडून पोट, काखा, जांघा शांतपणे करू देते, कधी कधी मध्येच घोरते. कानामागे टाक्यांच्या जागी केस जरा पांढरट आलेत, तिथे मी फणी घालते तेव्हा ती अजून डोळे बारीक करते. पुढचे पंजे मात्र आजही ओढून घेते. म्हणून रोज एकच पंजा, दोन बोटांमधली एकच फट, आणि तिने पाय मागे घेतला की मी सोडून देते. काल उजव्या पंजाची तिसरी फट झाली.