तासगावच्या द्राक्षवाल्यांची जॉर्जिया ट्रिप: काय खाल्लं, काय प्यायलो, कुठं फसलो

घरी द्राक्षबाग असली की सहल कधी काढायची हे आपल्या हातात नसतं. तासगावचा रथोत्सव झाला की ऑक्टोबर छाटणी धरायच्या आत जेवढी फट सापडेल तेवढीच. त्यात नेमका पितृपक्ष आलेला, "पंधरवड्यात विमानात बसतंय होय कोण" म्हणून सासूबाई दोन दिवस धड बोलल्या नाहीत, पण पैसे भरून झालेले. त्यांना सांगितलं तिकडं द्राक्षंच बघायला चाललोय. खोटं नव्हतं ते, फक्त वाइनचं नाव घेतलं नाही.

मी, आमचे हे, दीर आणि जाऊबाई, आणि बाकी सांगली-मिरजेची मिळून तीसेक माणसं. तिबिलिसीत, म्हणजे जॉर्जियाच्या राजधानीत, पहिल्या तीन रात्री पॅकेजमधलं इंडियन डिनर, म्हणजे पनीर, दाल, जिरा राईस, गुलाबजाम आणि दुसऱ्या दिवशी परत पनीर. बसमधली निम्मी मंडळी खूश होती, वर बॅगेतून भडंग निघत होतंच. मला मात्र चौथ्या दिवशी ते पनीर बघवेना. टूर मॅनेजर म्हणाला जेवण सोडलं तर पैसे परत मिळणार नाहीत. म्हणलं राहू देत. तुम्ही जाणार असाल तर बुकिंग करतानाच विचारा की किती रात्री लोकल जेवण आहे, आणि सगळ्या रात्री इंडियन असेल तर दोनतीन तरी सोडायच्या असं घरनंच ठरवून निघा.

बाहेर पहिली खाल्ली ती खिंकाली. दिसायला थेट उकडीचा मोदक, वर कळ्या आणि शेंडी, पण आत मटण-बीफचं सारण आणि गरम रस्सा. शेंडी धरून उलटी करायची, बारीक चावा घेऊन आधी रस्सा ओढायचा, मग बाकीची खायची आणि शेंडी ताटात ठेवायची. काटा लावायचा नाही. दिरांनी काटा घातला आणि सगळा रस्सा शर्टावर. जाऊबाई शाकाहारी, त्यांना बटाट्याची, मशरूमची आणि चीजची मिळाली. नगावर ऑर्डर असते, एकट्याला पाच पुरतात.

शाकाहारी लोकांनी एक शब्द पाठ करून जा, "सामारख्वो". म्हणजे त्यांच्या उपवासाचं जेवण, ज्यात मांस, अंडी, दूध काहीच नसतं. हा शब्द उच्चारला की वांग्यात अक्रोडाचं वाटण गुंडाळलेलं येतं (आपल्याकडच्या कृष्णाकाठच्या वांग्याची चव नाही त्याला, पण वाटण एक नंबर), पालकाचे अक्रोड घातलेले गोळे येतात, आणि लोबिओ येतं, म्हणजे मातीच्या भांड्यात राजम्यासारखी उसळ. तिच्याबरोबर मक्याची भाकरी. अजिका म्हणून तिखट आहे ते म्हणजे आपला ठेचाच. आणि ब्रेडला तिथं पुरी म्हणतात, आमच्यातल्या एका काकूंनी पुरी आहे म्हणून ऐकलं आणि श्रीखंड आहे का विचारलं.

मग काखेती, म्हणजे तिथला द्राक्षांचा भाग. त्यातल्या सिघनाघी गावाला पोचायला बसनं दोनेक तास लागतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे तिथं द्राक्षतोडणीचा हंगाम, त्याला र्त्वेली म्हणतात. आम्ही आपले द्राक्ष खायच्या आधी वेलच बघत बसलो. थंडीत वेल झोपतो, त्यामुळं वर्षात एकच छाटणी. आपल्याकडं एप्रिलला खरड छाटणी आणि परत फळछाटणी, हे ऐकून तिथला म्हातारा शेतकरी डोक्याला हात लावून बसला. सापेरावी द्राक्ष फोडलं तर गरसुद्धा लाल निघतो, असलं आम्ही जन्मात बघितलं नव्हतं.

वाइन जमिनीत पुरलेल्या मातीच्या मोठ्या रांजणात होते, क्वेव्री म्हणतात त्याला. आतून मेणाचा हात दिलेला असतो, फक्त तोंड वर. पांढऱ्या द्राक्षाचा रस साल-बियांसकट पाचसहा महिने ठेवतात म्हणून रंग कोऱ्या चहासारखा येतो आणि जीभ जराशी तुरट होते. 8,000 वर्षांपासून तिथं वाइन करतात आणि या पद्धतीला 2013 साली युनेस्कोची मान्यता मिळालीय. पहिल्यांदा पिणाऱ्यांनी थेट यावर जाऊ नका, आधी किंडझ्मराउली मागा. सापेरावीचीच असते पण गोडसर, जाऊबाईंनीसुद्धा दोन ग्लास घेतले (हे घरी सांगायचं नाही असं ठरलंय).

आम्ही चुकलो ते हे, की सकाळी नाश्ता नीट न करता टेस्टिंगला बसलो. पाच वाइन झाल्यावर बारक्या ग्लासात चाचा आला. आमच्या ह्यांना वाटलं नावासारखा प्रेमळ असेल. वाइनचा चोथा गाळून काढलेली दारू ती, एका दमात घेतली आणि दुपारचा बोडबेचा मठ ह्यांनी बसमधूनच घोरत बघितला. ब्रेड-चीज पोटात गेल्याशिवाय ग्लासाला हात लावू नका. नुसत्या पाण्याची बाटलीही जवळ ठेवा, बोर्जोमी नको, ते खारट सोड्यासारखं लागतं.

रात्री त्याच शेतकऱ्याच्या घरी जेवण होतं. टेबलावर एकजण तमादा, म्हणजे ग्लास उचलायच्या आधी चार शब्द बोलणारा, तो बोलेपर्यंत कुणी प्यायचं नाही, बोलून झालं की सगळे "गाउमार्जोस". ग्लास रिकामा दिसला की भरतात, म्हणून घोट-घोट घ्या. मधेच तो उठला आणि गेलेल्या माणसांच्या नावानं ग्लास धरला. गाइडनं अर्थ सांगितला तसे आमच्या टेबलावरचे सगळे गप्प झाले. ह्यांनी हळूच आमच्या मामंजींचं नाव घेतलं. घरी पक्ष चाललेला आणि आम्ही हे असं.

येताना भारतात माणशी 2 लिटरपर्यंतच दारू ड्युटी न भरता आणता येते, त्यामुळं दोन बाटल्यांवर थांबा आणि त्या कपड्यात गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका. त्यापेक्षा चुरचखेला जास्त आणा. दोऱ्यात ओवलेले अक्रोड, घट्ट केलेल्या द्राक्षरसात बुडवून वाळवलेले, कित्येक दिवस टिकतात. फक्त दोरा आधी ओढून काढायचा. सासूबाईंनी दोन खाल्ले, चांगलं चावून बघितलं आणि म्हणाल्या, "द्राक्षच बघायला गेलावता म्हणायचं खरं. आणि त्या कापडात काय बांधलंय?"