मांजर गेल्यावर: पंजाचा ठसा, केस, घुरघुर आणि खड्डा

घरातलं मांजर गेलं की सगळे आधी मोबाइलमधले फोटो शोधायला बसतात. फोटो कुठे जात नाहीत. पंजाचा ठसा मात्र पहिल्या दोन-तीन तासांतच नीट निघतो. नंतर शरीर ताठरतं आणि बोटं कितीही दाबली तरी पसरत नाहीत. म्हणून आधी पंजा, मग केस, मग निरोप. फोटो निवांत.

त्याआधी खात्री करून घ्या. फार आजारी, गार पडलेल्या मांजराचा श्वास इतका मंद होतो की दिसत नाही. पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागे छाती अंगठा आणि बोटांत हलकी धरून दोन मिनिटं ठोके शोधा. ओल्या कापसाने बुबुळाला स्पर्श केल्यावर पापणी जराही हलता कामा नये. शंका राहिली तर डॉक्टरांकडे न्या. डोळे उघडे राहणं, लघवी-शी बाहेर येणं, एखादा स्नायू फडफडणं हे सगळं नेहमीचं आहे, त्याने दचकू नका. शरीर जुन्या टॉवेलवर, पाय पोटाशी घेऊन, गोल ठेवा. लांब पायांनी ताठरलेलं मांजर खोक्यात मावत नाही. बर्फाच्या पिशव्या कापडात गुंडाळून पोटाशी ठेवा, कारण कुजणं तिथूनच सुरू होतं.

एक अपवाद. शेवटच्या दिवसांत मांजर विचित्र वागत असेल, लाळ गळत असेल किंवा कुणाला चावलं-ओरबाडलं असेल, तर ठसे-बिसे राहू द्या. उघड्या हाताने स्पर्श नको. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा. पुरण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांना कळवा, मेंदूचा नमुना तपासायला लागू शकतो.

ठशासाठी इंटरनेटवर सर्रास मैदा-मिठाची कणीक भाजायला सांगतात. आपल्याकडे ती नकोच. पावसाळ्यात मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि ठसा पाघळतो. गणपतीची शाडू माती याहून कितीतरी चांगली, तिचा कण बारीक असल्यामुळे पंजाखालच्या मऊ गादीवरच्या रेषासुद्धा उठतात. पण नुसती शाडू वाळताना तडकते, म्हणून तिचा फक्त साचा करायचा आणि ठसा प्लास्टरचा घ्यायचा.

पाव किलो शाडू पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट मळा आणि दोन सेंटीमीटर जाडीची थापा. पंजा ओल्या कापडाने पुसून गाद्यांमधले केस छोट्या कात्रीने कापा; ते राहिले तर ठसा धूसर येतो. पुढचाच पंजा घ्या, तो मागच्यापेक्षा रुंद आणि गोल असतो. माती पंजाखाली नेऊन, वरून एकेका बोटावर आणि मग मधल्या गादीवर अर्धा सेंटीमीटर खोल दाबा. चार बोटं आणि एक मोठी गादी उमटली की झालं. पाचवं बोट वर असतं, ते येत नाही, आणि नखं आत असल्याने त्यांची खूणही दिसत नाही.

आता मातीभोवती पुठ्ठ्याची तीन सेंटीमीटर उंच भिंत उभी करा. एक कप पाण्यात दोन कप प्लास्टर ऑफ पॅरिस भुरभुरवत टाका. प्लास्टरवर पाणी ओतलं की गुठळ्या होतात. हळूच ढवळा, जोरात ढवळल्यास बुडबुडे अडकून बोटांना भोकं पडतात. कडेने ओता. अर्ध्या तासात घट्ट होतं, तासाभराने माती सोडवून मऊ ब्रशने धुवा. आठवडाभर वाळल्याशिवाय रंग लावू नका. घरात पडून असलेलं प्लास्टर आधी चमचाभर कालवून बघा, दमट झालेलं जमत नाही. आणि प्लास्टर थेट पंजावर कधीच ओतू नका: केस त्यात रुततात, शिवाय ते घट्ट होताना तापतं, जिवंत मांजराचा पंजा भाजेल.

केस कापण्यापेक्षा विंचरून घ्यावेत, म्हणजे आतली मऊ लवही येते. ते प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरून बुरसतात, म्हणून कागदी पाकिटात ठेवा. कसर केसांवरच जगते, त्यामुळे पाकीट तात्पुरतं बंद पिशवीत घालून तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवलेलं बरं. डांबराच्या गोळ्या नकोत, घरात दुसरं मांजर असेल तर त्या विषारी. गळून पडलेल्या मिशा काचेच्या नळीत छान राहतात.

म्हातारं मांजर अजून मांडीवर असेल तर त्याची घुरघुर आजच टिपून ठेवा. घुरघुरीचा मूळ सूर सेकंदाला साधारण २५ कंपनांचा, फोनच्या स्पीकरच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून ती नेहमी हेडफोनवर ऐका. व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज ती पार्श्वभूमीचा गोंगाट समजून दाबू शकतो, त्यापेक्षा साधं रेकॉर्डिंग ॲप वापरा, पंखा बंद करा आणि फोन गळ्यापासून वीतभर ठेवा. नातेवाइकांकडचे फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, नाहीतर आकारही घटतो आणि तारीखही पुसली जाते.

पुरायचं तर खड्डा निदान तीन फूट खोल हवा, चार उत्तम. विहीर-बोअरपासून लांब. कोकणात जांभ्यात पहारीशिवाय भागत नाही आणि पावसात खड्डा पाण्याने भरतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तिथे चार फुटांपेक्षा उथळ अजिबात नको. पट्टा, घुंगरू काढून सुती कापडात किंवा साध्या खोक्यात ठेवा. चुना टाकल्याने लवकर कुजतं हा पक्का गैरसमज, उलट कुजणं मंदावतं. खडेमीठ तर वरचं झाडही मारतं. इंजेक्शन देऊन झोपवलेलं मांजर आणखी खोल पुरा, ते औषध शरीरात टिकतं आणि उकरून खाणारं कुत्रं त्याने मरू शकतं. वर वीतभर उंच माती रचून जड दगड ठेवा, माती नंतर बसतेच.

जागा नसेल तर दहन. मुंबईत मालाडला महापालिकेने २०२३ मध्ये गॅसवर चालणारी प्राण्यांची दहनभट्टी सुरू केली आहे. राख हवी असेल तर दहन एकट्याचं होणार की इतरांबरोबर, हे कुठेही आधीच विचारा. चार किलोच्या मांजराची राख जेमतेम एक-दोन मुठी भरते.

मागे राहिलेलं मांजर दारं-कोनाडे हुंगत फिरतं, रात्री ओरडतं. त्याच्यासाठी जुनं अंथरूण लगेच धुऊ नका. खाणं मात्र रोज बघा. सलग दोन दिवस उपाशी राहिलेल्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेततं. फोटोपुढे लिलीची फुलं ठेवू नका. तिच्या परागांनीही मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. आणि गेलेल्याला पॅनल्यूकोपेनिया (मांजरांचा जीवघेणा, संसर्गजन्य विषाणूजन्य आजार) झाला असेल तर अंथरूण ठेवू नका, जाळा. तो विषाणू घरात वर्षभर तग धरतो. फरशी साबणाने धुऊन, एक भाग ब्लीचला ३२ भाग पाणी घेऊन पुसा आणि दहा मिनिटं ओलीच राहू द्या. लसीकरण पूर्ण झाल्याशिवाय नवं पिल्लू त्या घरात आणू नका.