गर्डर वाकत नाही, गॅन्ट्री कलंडते

गॅरेजात जड वस्तू उचलण्यासाठी लोखंडी गॅन्ट्री, म्हणजे पायांवर आडवा गर्डर (तुळई) ठेवलेली आणि चाकांवर सरकणारी चौकट, करायची ठरवली की पहिला प्रश्न हमखास गर्डरचा येतो: केवढा घ्यावा, किती वजन पेलेल, वाकणार तर नाही? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर अर्ध्या पानाच्या गणितात मिळते. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या घराला लागून असलेल्या गॅरेजसाठी गेल्या वर्षी मी अशी गॅन्ट्री बांधली, तेव्हा सर्वांत जास्त विचार करावा लागला तो गर्डरच्या खालच्या भागांचा, म्हणजे पाय, त्यांचे जोड, चाके आणि जमीन यांचा. अशी गॅन्ट्री करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून तो विचार सविस्तर लिहीत आहे.

जुनी, संथ गतीची एकसिलिंडरी डिझेल इंजिने दुरुस्त करून पुन्हा चालती करण्याचा मला नाद आहे. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव या भागांत एके काळी विहिरीवरच्या पंपांना आणि गावच्या पिठाच्या गिरण्यांना ही इंजिने जोडलेली असत आणि आजही एखाद्या शेडच्या कोपऱ्यात ती गंजत पडलेली सापडतात. दोन जड फ्लायव्हील धरून अशा इंजिनाचे वजन तीनशे-साडेतीनशे किलोंच्या घरात जाते. तीन पाइपांच्या तिपाईला चेन पुली ब्लॉक (साखळी ओढून वजन उचलण्याचे साधन) टांगून इंजिन वर उचलता येते, पण ते उचललेल्या जागीच राहते. बाजूच्या बाकावर नेऊन ठेवण्याची सोय तिपाईत नसते.

छताला हुक लावावा, असे अनेकांनी सुचवले. आमच्या गॅरेजवर राहती खोली आहे. राहत्या घरांच्या मजल्यांसाठी आयएस 875 या भारतीय मानकात चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 200 किलो, इतका वापराचा भार धरलेला असतो आणि तोही पसरलेला. त्याच स्लॅबच्या एका बिंदूला खालून पाचशे किलो टांगणे हा वेगळाच प्रकार आहे. आतल्या सळ्या कुठे आहेत, किती आहेत आणि त्या हुकाभोवती नीट अडकल्या आहेत की नाहीत, हे बांधून झालेल्या घरात खात्रीने कळत नाही. म्हणून स्वतःच्या पायांवर उभी राहणारी गॅन्ट्रीच करायची, हे मी ठरवले.

आता गर्डरचे गणित. दोन आधारांमध्ये 3 मीटर अंतर ठेवले आणि आयएसएमबी 150, म्हणजे 150 मिलिमीटर उंचीचा आय सेक्शन (वर-खाली आडव्या पट्ट्या आणि मध्ये उभी पट्टी) घेतला. त्याचे वजन मीटरला सुमारे 15 किलो आणि सेक्शन मॉड्युलस, म्हणजे वाकण्याला होणाऱ्या विरोधाचे माप, सुमारे 97 घन सेंटीमीटर आहे. मध्यावर 1 टन टांगला तर वाकण्यामुळे येणारा ताण 76 मेगापास्कलच्या आसपास भरतो. आयएस 2062 मधील ई 250 या नेहमीच्या प्रतीच्या पोलादाची नमनमर्यादा, म्हणजे ज्यापुढे ते कायमचे वाकते तो ताण, 250 मेगापास्कल असते. मध्यावरचा झोल 4 मिलिमीटरहून कमी येतो. एवढे पाहून कोणीही गॅन्ट्रीवर 1 टन लिहून मोकळा होईल.

मी मात्र 500 किलोंवरच थांबलो. मध्ये कुठेही बाजूचा आधार नसलेला लांब आणि अरुंद गर्डर भार वाढल्यावर खाली वाकण्याआधी आडवा पिळवटू शकतो, कारण त्याची वरची पट्टी दाबाखाली असते आणि ती बाजूला निसटू पाहते. आयएसएमबी 150 ची पट्टी जेमतेम 75 ते 80 मिलिमीटर रुंद आहे, त्यामुळे 3 मीटरच्या मोकळ्या लांबीत ही शक्यता गणितात धरावीच लागते. शिवाय साखळी ओढताना बसणारे हिसके, ट्रॉली (गर्डरवरून सरकणारी, ब्लॉक धरणारी चाकांची गाडी) थांबवताना येणारा झोका आणि भार नेमका गर्डरच्या मध्यरेषेखाली नसणे, या गोष्टी कागदावरच्या स्थिर भारात दिसत नाहीत. 500 किलोंना ताण 38 मेगापास्कल येतो. घरगुती कामात, जिथे दुसरा कोणी तपासणारा नसतो, तिथे एवढी मोकळीक असावी, असे माझे मत आहे.

ट्रॉली घेतानाही एक बारकावा पाहावा लागतो. आयएसएमबीच्या पट्टीची आतली बाजू सपाट नसून उतरती असते. त्या उताराशी जुळणारी, किंचित निमुळती चाके असलेली ट्रॉलीच घ्यावी, नाहीतर चाक एका कडेवर टेकते आणि पट्टीच्या काठावर नको तेवढा भार येतो.

पायांच्या बाबतीत दोन दिशांचा वेगवेगळा विचार करावा लागतो. गर्डरला काटकोनात असलेल्या दिशेत पाय फाकवून इंग्रजी ए अक्षराचा आकार दिला की काम होते. गर्डरच्या लांबीच्या दिशेत मात्र गॅन्ट्री म्हणजे दोन खांब आणि वर एक तुळई एवढीच चौकट उरते. तिचे कोपरे ढिले असतील तर ती चौकट सहज तिरकी होते. द्राक्षबागेचा मांडव ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चटकन कळेल: तिथे ओळीच्या शेवटचा खांब बाहेरच्या बाजूला झुकवून तारेने जमिनीला ताणलेला असतो, आणि तो ताण सुटला की मधले खांब शाबूत असूनही सगळी ओळ आडवी होते. गॅन्ट्रीत हे काम कोपऱ्यातले तिरपे टेकू करतात. पाय आणि गर्डर यांच्यामध्ये 45 अंशांत बसवलेला टेकू दोन्हीकडे अर्धा मीटर पोहोचेल एवढा ठेवला. त्यामुळे ट्रॉलीचा प्रवास 3 मीटरवरून 2 मीटरवर आला. ही किंमत मी आनंदाने दिली, कारण टेकू आखूड केले तर त्यांचा उपयोगही त्याच प्रमाणात घटतो. टेकू जिथे येतात त्याच्या अलीकडे दोन्ही टोकांना ट्रॉलीसाठी बोल्टचे अटकाव लावले आहेत.

कलंडण्याचे गणित प्रत्येकाने स्वतः करून पाहावे. माझ्या गॅन्ट्रीच्या तळाची रुंदी 1.2 मीटर, गर्डरच्या खालच्या पट्टीची उंची अडीच मीटर आणि गॅन्ट्रीचे स्वतःचे वजन सुमारे 170 किलो आहे. हुकावर 500 किलो असताना तिला बाजूला पाडण्यासाठी वरच्या पातळीवर सुमारे 160 किलोंची आडवी ओढ पुरते. म्हणजे साखळी ओळंब्यापासून साधारण 18 अंश तिरपी झाली की गॅन्ट्री उलटण्याच्या सीमेवर येते. अडीच मीटर उंचीवरून 18 अंश म्हणजे जमिनीवर जेमतेम 80 सेंटीमीटरचा फरक. भिंतीलगत पडलेले इंजिन बाजूने ओढून गॅन्ट्रीखाली आणावे, हा मोह किती धोक्याचा आहे, ते या आकड्यावरून कळते. हलत्या भाराला आणि चाक अडखळल्यावर बसणाऱ्या धक्क्याला तर याहून कमी कोन पुरतो. म्हणून तिरपी ओढ माझ्याकडे पूर्ण बंद आहे. इंजिन आधी पाइपांच्या रुळांवरून सरकवत हुकाच्या बरोबर खाली आणायचे, साखळी ओळंब्यात आहे हे पाहायचे आणि मगच उचलायचे.

पायांना दोन बाजूंनी सारखा भार मिळेल, हे गृहीत धरता येत नाही. ट्रॉली टोकाकडे सरकली की पाचशेपैकी चारशेहून अधिक किलो एकाच बाजूच्या जोडीवर येतात. त्या वेळी फाकवलेला प्रत्येक पाय खालून सुमारे 50 किलोंच्या जोराने बाहेर सरकू पाहतो. त्याला धरून ठेवण्यासाठी दोन्ही पाय तळाशी 100 मिलिमीटरच्या चॅनेलने जोडले आहेत. चाकांची निवडही याच स्थितीवरून केली. गॅन्ट्रीचे स्वतःचे वजन धरून एका चाकावर साधारण 250 किलो येतात, म्हणून प्रत्येकी 500 किलो क्षमतेची, ब्रेक असलेली पॉलियुरेथेनची कॅस्टर चाके लावली. चार चाकांची एकूण क्षमता आणि एकूण भार यांची तुलना करून निश्चिंत होणे चुकीचे आहे, कारण जमीन जराशी असमान असली तरी चारांपैकी दोनच चाके खरा भार घेतात.

जमिनीचे म्हणाल तर आमच्या गॅरेजात शहाबादी फरशी होती. फरशीखाली ठिकठिकाणी पोकळी असते, आणि चाकाचा भार एका छोट्या टेकणीवर येत असल्याने अशा पोकळीवर फरशी फुटणे अटळ असते. चाक त्या खळग्यात बसले की वरचा भार एकदम बाजूला झुकतो. म्हणून फरशी काढून खालचा मुरूम पाणी मारून नीट धुमसला आणि त्यावर 125 मिलिमीटर जाडीचा एम 20 प्रतीच्या काँक्रीटचा कोबा केला. सगळ्या कामात हाच खर्च सर्वांत जास्त वाटला. तरीही कोणाला काटकसर करायचीच असेल तर ती या ठिकाणी करू नये.

लोखंड कुठून घ्यावे, याविषयी नाशिकमध्ये दोन मते ऐकू येतात. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे इथे भंगारात चांगला माल मिळतो आणि बाक, रॅक, यंत्राचे स्टँड यांसाठी मीही तो घेतो. गर्डर मात्र नवा आणि मिलच्या प्रमाणपत्राचा घेतला. जुन्या गर्डरला आधी कुठे भोके पाडली होती, कुठे गॅसने कापले होते, मधली उभी पट्टी गंजून किती पातळ झाली आहे आणि मुळात पोलाद कोणत्या प्रतीचे आहे, हे डोळ्यांनी ठरत नाही. पायांसाठी 75 मिलिमीटरचे चौकोनी पोकळ पाइप, 4 मिलिमीटर जाडीचे, घेतले.

वेल्डिंगची विभागणी मी विचारपूर्वक केली. चॅनेल कापणे, भोके पाडणे, ओळंबा आणि गुण्या लावून पाय जुळवणे, टॅक मारणे (भाग जागेवर धरण्यापुरते छोटे वेल्ड करणे), ही कामे माझी. भार घेणारे सर्व पक्के जोड अंबडच्या एका अनुभवी वेल्डरकडून 7018 या प्रकारच्या वेल्डिंग रॉडने करून घेतले. हे रॉड हवेतला ओलावा पटकन धरतात आणि ओलाव्यातला हायड्रोजन जोडात शिरला तर नंतर तडे जाऊ शकतात. त्यामुळे ओव्हनमध्ये तापवून कोरडे ठेवलेले रॉड वापरणे आवश्यक असते आणि नाशिकच्या पावसाळी हवेत तर त्याला पर्यायच नाही. जोड झाल्यावर डाय पेनिट्रंटने तपासले: जोड स्वच्छ करून लाल द्रव लावायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुसायचा आणि वर पांढरा डेव्हलपर फवारायचा. सूक्ष्म तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. गर्डरच्या खालच्या पट्टीला मधल्या भागात एकही भोक किंवा वेल्ड नाही, कारण सर्वांत जास्त खेच तिथेच असते. गर्डर आणि पाय मात्र 8.8 ग्रेडच्या 16 मिलिमीटर बोल्टांनी जोडले आहेत. गॅरेजच्या शटरची उंची 2.4 मीटरच असल्यामुळे गॅन्ट्री उभ्या स्थितीत बाहेर निघणे शक्य नव्हते, आणि उद्या घर बदलले तर ती सुटी करता आली पाहिजे.

चाचणीसाठी सुरक्षित भाराच्या सव्वापट, म्हणजे 625 किलो टांगले. वजनासाठी पाण्याइतके चांगले साधन नाही. एका मजबूत चौकटीवर 200 लिटरचे तीन पत्र्याचे पिंप बांधले, चौकट जमिनीपासून चार बोटे उचलली आणि नळीने हळूहळू पाणी भरत गेलो. लिटरमागे एक किलो, असा हिशेब सरळ असतो, आणि काही गडबड दिसली तर पाणी सोडून भार उतरवता येतो. भार एवढा कमी उंचीवर ठेवल्यामुळे काही निसटले तरी तो फार खाली पडण्याचा धोका नव्हता. गर्डरच्या दोन टोकांमध्ये ताणलेल्या नायलॉनच्या दोऱ्यापासून मधला झोल मोजला. गणिताने 2.4 मिलिमीटर यायला हवा होता, प्रत्यक्षात पावणेतीन आला. बोल्टांचे जोड जागेवर बसताना एवढा फरक पडतो. पाणी काढल्यावर गर्डर पुन्हा दोऱ्याला येऊन मिळाला. त्यानंतर ट्रॉली दोन्ही टोकांना नेऊन तीच चाचणी केली, आणि माझ्या दृष्टीने ती मध्यावरच्या चाचणीपेक्षा अधिक महत्त्वाची होती, कारण तिच्यात पाय, टेकू आणि चाके यांची कसोटी लागते.

चाचणीपुरता 1 टनाचा चेन पुली ब्लॉक मागून आणला होता. कायमचा ब्लॉक मुद्दाम अर्ध्या टनाचाच घेतला आहे. गॅन्ट्री 500 किलोंची आणि तिला लटकणारा ब्लॉक 1 टनाचा असेल, तर माझ्या अनुपस्थितीत मदतीला आलेला माणूस ब्लॉकवरचा आकडा वाचेल, गर्डरवरचा नाही. आकडा तरीही गर्डरच्या दोन्ही बाजूंना, पिवळ्या रंगावर काळ्या मोठ्या अक्षरांत लिहिला आहे: सुरक्षित भार 500 किलो. स्लिंगच्या, म्हणजे भार हुकाला टांगणाऱ्या दोर-साखळ्यांच्या, बाबतीतही हाच काटेकोरपणा हवा. दोन पायांची स्लिंग जमिनीशी 60 अंश करत असेल तर प्रत्येक पायावर भाराच्या सुमारे 58 टक्के ओढ येते. कोन 30 अंशांवर आला की प्रत्येक पायावर पूर्ण भाराएवढी ओढ येते. म्हणून बुटक्या छतामुळे उंची अपुरी पडली तरी स्लिंग आखूड करून पसरवायची नाही, हा नियम पाळतो.

नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 29 नुसार कारखान्यातील उचल यंत्रांची आणि साखळ्यांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी व्हावी लागत असे. घरच्या गॅरेजला तो कायदा लागू नव्हता, पण वजन घरात आणि कारखान्यात सारखेच असते. खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते, तिच्या आधीच्या आठवड्यात ही तपासणी करायची असे ठरवले आहे: सर्व बोल्ट टॉर्क पान्याने, जोड डाय पेनिट्रंटने, साखळी कड्यांच्या झिजेसाठी, आणि हुकाचे तोंड व्हर्नियरने मोजून, नवे असतानाच्या मापाशी ताडून.