डाव्या मागच्या चाकाचा निप्पल

चार चाकांचं ब्रेक ऑइल बदलायला एक लिटर ऑइल, दोन माणसं आणि दीड-दोन तास पुरतात. माझा मात्र अख्खा रविवार गेला, आणि तो सगळा एका निप्पलपायी, म्हणजे चाकाजवळच्या ज्या पोकळ स्क्रूमधून जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढतात त्याच्यापायी. गाडी दहा वर्षांची हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम.

सुरुवात मास्टर सिलेंडरपासून (पेडल दाबलं की ऑइलला दाब देणारा सिलेंडर) सगळ्यात लांबच्या चाकाने करायची. आपलं स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे लांबचं चाक डावं मागचं. अमेरिकन व्हिडिओत उजवं मागचं आधी घेतात, कारण त्यांचं सगळं उलट. काही गाड्यांत ब्रेकची लाइन तिरकी विभागलेली असते, म्हणजे एका बाजूचं पुढचं आणि दुसऱ्या बाजूचं मागचं चाक एका लाइनवर. तिथे मॅन्युअलमधला क्रमच पाळावा.

ड्रमच्या चाकात हा निप्पल मागच्या पत्र्यावर, थेट चिखलाच्या माऱ्यात असतो. त्यावरची रबरी टोपी कुठल्यातरी सर्व्हिसिंगमध्ये काढली गेली आणि परत बसलीच नाही. टोपी नसली की भोकात माती बसते आणि पाणी मुरून आटे गंजतात. त्यात निप्पल आतून पोकळ, त्यामुळे जोर लावला तर सुटण्याआधी तुटतो. मी आधी साधा डी पाना लावला आणि दोन कडा गोल केल्या. ही चूक करू नका. पहिल्या झटक्यापासून सहा कोनांचीच गोटी (सॉकेट) वापरा. माप बहुधा ८ किंवा १० एमएम असतं. बारा कोनांची गोटीही गंजलेल्या निप्पलवर घसरते.

शेवटी कामी आलं ते असं. तारेच्या ब्रशने गंज साफ केला, आट्यांवर डब्ल्यूडी-४० मारून अर्धा तास सोडलं. मग गोटी बसवून तिच्या डोक्यावर छोट्या हातोडीने हलके ठोके. त्यानंतर सोडवायच्या आधी निप्पल केसभर *आवळायचा*, म्हणजे गंजाची पकड मोडते, आणि मगच उलटा फिरवायचा. नाही हलला तर पुन्हा स्प्रे, पुन्हा अर्धा तास. माझा तिसऱ्या फेरीला ‘कट्’ करून सुटला. तो आवाज आला की क्षणभर तुटलाच असं वाटतं. निप्पलच्या भोकात बरोबर मापाच्या ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा घालून ठेवला, तर भिंती आत दबत नाहीत. पान्याला पाइप लावून लांबी वाढवायची नाही. ब्लो टॉर्च तर नकोच: व्हील सिलेंडरमध्ये (निप्पल ज्यात बसतो तो चाकातला छोटा सिलेंडर) रबरी कप असतात आणि ब्रेक ऑइल पेट घेतं.

तुटलाच तर नवा व्हील सिलेंडर. तो फार महाग नसतो, पण त्याला जोडलेल्या ब्रेक पाइपचा नटही तसाच गंजलेला असतो. तो जबरदस्तीने फिरवला तर पाइपच पिळला जातो.

निप्पल सुटला, पण पेडल दाबून थेंब येईना. भोक मातीने बुजलेलं. निप्पल पूर्ण बाहेर काढून बारीक तार आरपार घातली आणि परत बसवला. तेवढ्या वेळात ऑइल हळूहळू ठिबकतं, फक्त मास्टर सिलेंडरवरचा ऑइलचा डबा रिकामा होऊ द्यायचा नाही. मग एकदाचं काळ्या चहासारखं ऑइल आलं.

पुढचं सगळं सरळ. खरं तर सगळ्यात आधी डब्यातलं जुनं ऑइल मोठ्या सिरिंजने काढून नवं भरायचं, म्हणजे तेच काळं पाणी सगळ्या पाइपांतून फिरवावं लागत नाही. निप्पलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवलेलं. आतला माणूस पेडल दाबून ‘धरला’ म्हणतो, आपण निप्पल पाव फेरा सोडायचा, बंद करायचा, मगच ‘सोड’. क्रम चुकला तर हवा आत. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत गेलं की मास्टर सिलेंडरचे सील न वापरलेल्या, गंजलेल्या भागावर घासतात. दर आठ-दहा दाबांनंतर डबा बघा. मागच्या चाकाला साधारण २०० मिली लागतं, पुढे कमी.

हाताच्या व्हॅक्यूम पंपाने काढत असाल तर बुडबुडे थांबतच नाहीत. ते बहुधा सैल आट्यांतून ओढल्या जाणाऱ्या हवेचे असतात, लाइनमधल्या नव्हे. डबा रिकामा होऊन एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली, तर मात्र स्कॅनरवाल्या गॅरेजशिवाय अनेकदा गत्यंतर नसतं.

ऑइल कुठलं, ते डब्याच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ३.७ टक्के पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ वर येते. घाटात सतत ब्रेक दाबून उतरताना ते आत उकळलं, तर वाफ दबते आणि पेडल सरळ खाली जातं. कोकणातल्या दमट हवेत दोन वर्षांहून जास्त थांबू नये. गेल्या वर्षीची उघडी बाटलीही वापरू नये. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ वेगळं, ते चालतं.

जॅकवर भरवसा नको, घोडी (गाडीखाली लावायचा पक्का स्टँड) लावाच, आणि जमिनीवरच्या चाकांना ठोकळे. रंगावर थेंब पडला तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. शेवटी इंजिन बंद ठेवून पेडल मिनिटभर दाबून धरा: हळूहळू खाली गेलं तर कुठेतरी गळतंय. इंजिन सुरू होताना किंचित खाली जाणं ठीक.

आणि रबरी टोप्या चारही नव्या बसवा.