न ऐकू येणारे 5 हर्ट्झ

सकाळी पाठवलेलं ऑडिओबुकचं चौथं प्रकरण दुपारी परत आलं. सोबत एकच ओळ: ‘आवाज बारीक आहे, तिसऱ्यानंतर हे लावलं की व्हॉल्यूम वाढवावा लागतो.’ मी जरा चिडलोच, कारण आकडे माझ्यासमोर होते. काम एसीएक्स या ऑडिओबुकांच्या मंचाच्या अटींवर चाललं होतं. तिथे पीक, म्हणजे लाटेचं सर्वांत उंच टोक, उणे 3 डीबीच्या (डेसिबल; शून्य म्हणजे कमाल पातळी) वर जाता कामा नये आणि आरएमएस, म्हणजे साधारण सरासरी पातळी, उणे 23 ते उणे 18 च्या मधे पाहिजे. माझ्या फाइलचं पीक उणे 7.8, आरएमएस उणे 20. दोन्ही अटी पाळलेल्या, मग बारीक कसा?

दोन्ही प्रकरणं पाठोपाठ लावून ऐकली. तक्रार खरी होती.

घाईत जे सगळे करतात तेच मी केलं, कॉम्प्रेसर चढवला. उंच टोकं दाबायची आणि मग सगळंच वर उचलायचं. तर पुस्तक वाचणाऱ्या बाईंचा आवाज थरथरायला लागला, जसं कुणीतरी पाठीवर हलक्या थापा मारतंय आणि त्या वाचताहेत. सेटिंग बदलून पाहिलं, थरथर कमीजास्त झाली पण गेली नाही. कॉम्प्रेसर कशाला तरी दाद देत होता आणि ते मला ऐकू येत नव्हतं.

मग एक साधी गोष्ट दिसली, जी खरं तर सकाळीच दिसायला हवी होती. एका परिच्छेदानंतर बाई थांबतात, दोनेक सेकंद शांतता. हेडफोनमध्ये काहीच नाही. आणि पीक मीटर? उणे 18 वर डुलत उभा. शांततेत तो धाडकन खाली कोसळायला हवा. खोलीचा स्वतःचा आवाज उणे 60 च्या खाली असावा, ही तिसरी अटही आहेच. तो आकडा मी मोजलाच नव्हता. कानाला शांत वाटलं, पुढे गेलो.

स्पेक्ट्रम उघडला, म्हणजे कोणत्या फ्रीक्वेन्सीला किती आवाज आहे ते दाखवणारा आलेख. तिथे पहिल्यांदा काहीच मिळालं नाही. आवाजाचे खांब 100 हर्ट्झपासून वर नेहमीसारखे, बहुतेक उणे 40 ते उणे 50 च्या दरम्यान. आता, पीक उणे 7.8 असताना स्पेक्ट्रममधला एकही खांब तिथवर का पोचत नाही, हा प्रश्न नवीन माणसाला हमखास पडतो. मलाही पडला होता आणि बरेच दिवस मी सॉफ्टवेअरलाच दोष देत होतो. पीक मीटर त्या क्षणी सगळ्या फ्रीक्वेन्सी एकत्र येऊन लाट किती उंच गेली ते सांगतो. स्पेक्ट्रम तीच ऊर्जा शेकडो कप्प्यांत वाटून दाखवतो, त्यामुळे एकेका कप्प्याच्या वाट्याला थोडीच येते. दोन आकडे जुळायला आवाज एकाच सुराचा असावा लागतो, जसा चाचणीचा शुद्ध सूर.

पण शांततेतले उणे 18 गेले कुठे? नजर डाव्या कडेला गेली. आलेख 20 हर्ट्झपासून, म्हणजे माणसाला साधारण जिथून ऐकू येतं तिथून, सुरू होत होता. त्याच्या खालचं काही दाखवायचंच नाही, असं आधीच ठरवून ठेवलेलं!

मर्यादा शून्यावर आणली. डाव्या कडेला एक जाडजूड गोळा दिसला. एफएफटीचा, म्हणजे स्पेक्ट्रम काढणाऱ्या गणिताचा, आकार 2048 नमुने होता. सेकंदाला 44,100 नमुने, म्हणजे एकेक कप्पा साडेएकवीस हर्ट्झ रुंद. एवढ्या मोठ्या पट्टीनं तळ मोजून काय कळणार? आकार 65,536 केला. एका वाचनाला दीड सेकंद लागतो, पण कप्पा पाऊण हर्ट्झहूनही अरुंद होतो. गोळा आवळत गेला आणि 5 हर्ट्झपाशी एक सुळका उभा राहिला. खात्रीसाठी शांततेचा तुकडा मोठा करून पाहिला. सपाट वाटणारी रेघ सेकंदाला पाच वेळा शांतपणे वरखाली होत होती.

पंखा असता तर त्याची घरघर वरही दिसली असती. रस्त्याची थरथर इतकी तालात नसते. हा ताल माणसाचाच वाटत होता.

बाईंना फोन लावला. “ताई, चौथं प्रकरण बसून वाचलंत का?”

“हो. पाठ धरली होती, म्हणून यावेळी टेबलाशी बसले. का?”

“माइक टेबलालाच अडकवलाय?”

“हो.”

“आणि वाचताना पाय हलतो का?”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्या खळखळून हसल्या. “लहानपणी आई याच्यावरून मारायची!”

उपाय पाच मिनिटांचा होता. 70 हर्ट्झचा हाय-पास फिल्टर, म्हणजे त्याखालचं गाळून टाकणारा, चांगल्या तीव्र उताराचा. पीक उणे 7.8 वरून उणे 11.2 वर आलं. आरएमएस मात्र तब्बल सात डीबीनं घसरून उणे 27 झालं. म्हणजे सकाळी मला खूश करणारी ती ‘सरासरी’ बहुतांशी पायाची होती. मग सगळं सात डीबीनं उचललं. पीक उणे 4.2, आरएमएस उणे 20, कॉम्प्रेसर नाही, थरथर नाही. (फिल्टर लावला की पीक उतरतंच असं मात्र नाही. फेज सरकल्यामुळे, म्हणजे वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सींच्या लाटा एकमेकींच्या मागेपुढे झाल्यामुळे, ते कधीकधी वरही जातं. म्हणून आधी फिल्टर, मग मोजणी, मग गेन, म्हणजे पातळी उचलणं.)

फाइल पाठवण्याआधी मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा एकदा शेवटपर्यंत स्पेक्ट्रममधून नेलं, निव्वळ कुतूहलापोटी. सुरुवातीच्या वर्णनांत सुळका 5 हर्ट्झवरच रेंगाळत होता. मधल्या संवादांत तर तो जवळजवळ नाहीसाच झाला. आणि प्रकरणाच्या शेवटी, अंधाऱ्या जिन्यात कुणाची तरी पावलं वाजतात त्या पानावर, तो 6 च्या वर चढला होता.