पहिला गोटी पाना सेट निवडताना

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात गॅरेज नाही. गाडीचे किरकोळ काम निघाले तरी तालुक्याला जावे लागते आणि पेरणीच्या दिवसांत त्यात अख्खा दिवस मोडतो. म्हणून इंजिन ऑइल बदलणे, प्लग साफ करणे, बॅटरी काढणे आणि चाक उतरवणे एवढी कामे तरी घरीच करायची, असे ठरवून मी गोटी पान्याचा, म्हणजे बोल्टाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसणाऱ्या गोट्या आणि त्या फिरवायच्या दांड्याचा, सेट घ्यायचे मनावर घेतले. दुकानात जाण्याआधी मात्र घरच्या गाड्यांच्या नट-बोल्टांची मापे वहीत उतरवून घेतली आणि पुढची सगळी निवड त्या वहीवरूनच केली.

घरी एक स्प्लेंडर, एक जुनी ऑल्टो आणि वडिलांच्या काळातला मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर आहे. शेजारच्या काकाजींकडचे रिंग पाने आणून मी ते एकेका बोल्टावर बसवून पाहिले. डोक्यांवर काळ्या मातीचा चिखल सुकून दगडासारखा बसलेला होता. तो डिझेलमध्ये भिजवून, पेचकसाने कोरून काढल्याशिवाय पान्याचे खरे माप कळत नव्हते. स्प्लेंडरच्या क्लच कव्हरचे बोल्ट ८ मिलिमीटर डोक्याचे निघाले, इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट १७ चा आणि प्लगसाठी १६ ची लांब गोटी लागणार हे कळले. ऑल्टोच्या बॅटरीला १० आणि चाकांच्या नटांना १९.

ही मापे गाडीगणिक बदलण्यामागे कारण आहे. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाचे डोके जपानी पद्धतीच्या गाड्यांत बहुधा १२ चे असते, तर युरोपीय पद्धतीच्या यंत्रांत तेच १३ चे असते; १० मिलिमीटरच्या बोल्टाला एकीकडे १४, तर दुसरीकडे १६ किंवा १७ लागते. त्यामुळे मधली मापे गाळलेला सेट स्वस्तात मिळाला, तरी ज्या घरी दोन तऱ्हेची यंत्रे आहेत तिथे तो अपुराच पडतो. आमच्या जुन्या ट्रॅक्टरची गोष्ट आणखी वेगळी, कारण त्याचे बरेच बोल्ट इंचांतले आहेत. ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर, त्यावर १४ ची गोटी चढतच नाही आणि १५ ची चढते ती सैल राहून जोर लावताच बोल्टाचे कोपरे खाते. ३/४ इंचाला मात्र १९ ची गोटी चालते, कारण तिथे फरक अवघा ०.०५ मिलिमीटरचा आहे.

सर्वांत जास्त विचार ड्राइव्हच्या चौकोनाचा, म्हणजे दांड्याचे जे चौकोनी टोक गोटीत बसते त्याच्या मापाचा, करावा लागला. पाव इंच, तीन अष्टमांश आणि अर्धा इंच, म्हणजे आपल्याकडच्या मेकॅनिकांच्या भाषेत दोन सूत, तीन सूत आणि चार सूत. केवळ मोटारसायकल असती तर मी डोळे झाकून तीन सुताचा सेट घेतला असता. ट्रॅक्टर आणि चाकांचे नट डोळ्यांसमोर असल्याने मुख्य सेट चार सुताचा घेतला आणि बारीक बोल्टांसाठी दोन सुताचे लहान रॅचेट (गोटी न काढता मागेपुढे हलवून बोल्ट एकाच दिशेने फिरवणारा दांडा) व ८ आणि १० च्या गोट्या सुट्या घेतल्या. हा खर्च मला आवश्यकच वाटतो. ६ मिलिमीटरचा बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरला घट्ट होतो, म्हणजे २५ सेंटीमीटरच्या दांड्यावर जेमतेम चार किलोचा जोर. मोठ्या रॅचेटवर हाताला तेवढे भान राहत नाही आणि बोल्ट तुटतो किंवा ॲल्युमिनियमच्या बॉडीतले आटे निघून जातात.

यवतमाळच्या दुकानदाराने माझी वही नीट वाचली. “भाऊ, डब्यात किती नग हायेत ते नका पाहू, तुमच्या कामाच्या गोट्या त्यात हायेत का, ते पाहा,” असे म्हणून त्यांनी दोन डबे उघडून समोर ठेवले. एकात बारा कोनी गोट्या होत्या, दुसऱ्यात सहा कोनी. बारा कोनी गोटी लवकर बसते खरी, पण सहा कोनी गोटी बोल्टाला कोपऱ्यांऐवजी सपाट बाजूंवर धरते, आणि गंजलेल्या बोल्टांच्या घरी हाच गुण मोलाचा आहे. नाशिकच्या टपारिया कंपनीचा, १० ते ३२ मापांचा, क्रोम व्हॅनेडियम पोलादाचा सहा कोनी सेट मी निवडला. घेण्याआधी रॅचेट कानाशी धरून सावकाश फिरवले. ७२ दात्यांचे रॅचेट दर ५ अंशांना पकड घेते, २४ दात्यांचे १५ अंशांना. ऑल्टोच्या इंजिनाच्या अडचणीत हात इंचभरच हलतो, तेव्हा हा फरक लगेच जाणवतो.

जाम बसलेला नट रॅचेटने सोडवायचा नाही, हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळतो, कारण आतली कुत्री, म्हणजे दात्यांत अडकणारी खिटी, बारीक असते आणि सगळा झटका तिच्यावर येतो. त्यासाठी लांब टॉमी, म्हणजे रॅचेट नसलेला साधा दांडा, वेगळी घेतली आहे. नटावर रात्री गंज सोडवणारे तेल सोडायचे, सकाळी टॉमीने पहिला फेरा द्यायचा आणि मग रॅचेट लावायचे. ट्रॅक्टरसाठी ७/१६, १/२ आणि ९/१६ इंचाच्या गोट्या नंतर सुट्या आणल्या; त्या चार सुताच्याच असल्याने याच दांड्यावर बसतात. ठरावीक जोरानेच आवळता येणारा टॉर्क पाना अजून घ्यायचा आहे, आणि तो येईपर्यंत स्प्लेंडरचा ड्रेन बोल्ट मी नव्या वॉशरवर, रॅचेटचा दांडा त्याच्या गोटीकडच्या टोकाजवळ धरून, आखूड हातानेच आवळतो.